आईचे गुडघे आईला ठरवू दे

ताई, नमस्कार. मी २६ वर्षांचा आहे, चिंचवडला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. आम्ही मूळचे साताऱ्याचे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि तेव्हापासून आई-बाबा माझ्याकडेच राहतात. शाळेत असल्यापासून मी एका रॉक बँडच्या मागे वेडा आहे. तो बँड आता नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर येतोय. आम्ही चार मित्रांनी मैदानातली, उभं राहायची तिकिटं काढली. त्यातल्या एकाचं ऑफिसच्या कामामुळे रद्द झालं. जेवताना मी हे बोलून गेलो, तर आई म्हणाली, "मग त्या तिकिटावर मी येऊ का? दहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय, एकदा समोरून बघते." मी "बघू" म्हणालो. त्याला आता नऊ दिवस झाले. आई ६० वर्षांची आहे, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. पाच-सहा तास उभं राहणं, तो आवाज, ती गर्दी तिला झेपणार नाही. शिवाय मित्र बिअर घेतात, बोलताना शिव्या येतात, तिच्यासमोर सगळेच अवघडतील. आणि खरं सांगायचं तर मी तिथे जसा असतो तसा घरी कधीच नसतो. रात्रीचा मुक्काम खारघरला मावशीकडे आहे, तेवढी सोय आहे. तिला वाईट न वाटता "नाही" कसं सांगू? तशी ती फिरते, दर वर्षी दासनवमीला सज्जनगडला जाते, पायऱ्या चढून. पण हे वेगळं आहे ना?
(नाव छापू नये, चिंचवड)

(बँडचं नाव मी गाळलं आहे, नाहीतर तुझे मित्र तुला लगेच ओळखतील.)

सज्जनगडाच्या पायऱ्या तू पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यास. मी तिथूनच सुरुवात करते. जी बाई साठाव्या वर्षी दासनवमीच्या गर्दीत गड चढते, तिच्या गुडघ्यांचा निकाल तू परस्पर लावू नकोस. गुडघे दुखत असतील, ते खोटं नाही. पण दुखऱ्या गुडघ्यांनी कुठे जायचं आणि कुठे नाही, हे ती रोज ठरवते. लग्नात पंगतीला बसायचं नाही, टेबल-खुर्ची बघायची, जिना उतरताना कठडा धरायचा, रिक्षात चढताना आधी कुठला पाय टाकायचा. हा तिचा हिशोब तिच्याकडे पक्का आहे. तुझ्याकडे तो नाही.

तू मला "नाही" कसं सांगू असं विचारलंस, म्हणून आधी त्याचं उत्तर देते. तिकीट तुझ्या पैशाचं आहे, दहा वर्षं तू या बँडची वाट बघितलीस. ती रात्र तुला फक्त मित्रांबरोबर हवी असेल तर त्यात काही गैर नाही. पण मग तसंच सांग. "आई, या वेळी मला मित्रांबरोबरच जायचंय." तिला दोन दिवस लागेल, तिसऱ्या दिवशी ती तुझ्या डब्याचं विचारेल. गुडघ्याचं कारण मात्र पुढे करू नकोस. कारण ती ते लगेच मान्य करेल. "हो रे, मला कुठलं झेपतंय आता," असं स्वतःच म्हणेल, आणि पुढच्या वेळी कुठे जावंसं वाटलं तरी विचारणार नाही. साठाव्या वर्षी एक माणूस आपणहून म्हणतंय की मला काहीतरी नवीन बघायचंय. त्याला त्याच्याच गुडघ्यांची आठवण करून देऊन घरी बसवायचं, हे मला सहन होत नाही, म्हणून जरा जोरात बोलते आहे.

आणि माझं मत विचारशील तर, ने तिला. हे मी का म्हणते ते सांगते.

१९९४ साली मी १९ वर्षांची होते, डोंबिवलीहून मुंबईला कॉलेजला जायचे. धोबी तलावाला, झेवियर्स कॉलेजजवळ, रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. १९८६ पासून तिथे स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचा. मुंबईच्या कॉलेजातल्या मुलांना रॉक म्हटलं की रंगभवनच आठवायचं. पुढे हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र, हा नियम आला आणि तिथले कार्यक्रम बंद पडले. पण त्या वर्षी ते जोरात होतं आणि मला जायचंच होतं. आईने अट घातली, एकटीने जायचं नाही. म्हणून माझ्याबरोबर अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. गोदीत कारकून होते. सकाळच्या लोकलमध्ये त्यांचं भजनी मंडळ होतं, आणि एकादशीला चाळीतल्या भजनात पखवाज त्यांच्याकडे असायचा. त्या दिवशी ते कामावरून परस्पर आले. पांढरा बुशशर्ट, हातात छत्री, पिशवीत रिकामा डबा. आजूबाजूला सगळे काळे टी-शर्ट आणि खांद्यापर्यंत केस. दारातच माझ्या दोन मैत्रिणी भेटल्या. एकीने विचारलं, "हे कोण गं?" आणि मी म्हणाले, "आमच्या बिल्डिंगमधले काका आहेत."

अण्णा दोन पावलांवर उभे होते. मला वाटलं, एवढ्या गोंगाटात ऐकू गेलं नसेल. मी त्यांना मागे जागा बघून दिली, "तुम्ही इथे बसा" म्हणाले आणि मैत्रिणींबरोबर पुढे गेले. पुढचे तीन तास मी मान वळवून मागे बघत होते, ते उठून आमच्यात येत नाहीत ना. त्या संध्याकाळी कोणी काय वाजवलं, यातलं मला आज काहीही आठवत नाही.

परत येताना व्हीटीला गाडी उभीच होती, खिडकीही मिळाली. भायखळा गेल्यावर अण्णा म्हणाले, "तुझी ती चष्मेवाली मैत्रीण मागे आली होती. मला म्हणाली, काका, तुम्ही हिच्या बिल्डिंगमध्ये राहता का? मी हो म्हटलं." एवढंच. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मग त्यांनी कानातले कापसाचे बोळे काढले, रुमालात बांधले आणि एकदम रंगात आले. "तो मागे बसून वाजवणारा पोरगा बघितलास का? पखवाजाच्या डाव्या अंगाचं काम तो पायाने करतो. हात दोन्ही मोकळे! आणि समोरची पोरं मान टाकत होती ना, सगळी समेलाच टाकत होती. एकजण चुकत नव्हता. यांना शिकवलं कोणी?" ठाणे येईपर्यंत ते छत्रीच्या मुठीवर बोटं आणि डब्याच्या फरशीवर चप्पल असं वाजवून मला दाखवत होते. मागे बसून, कानात कापूस घालून, त्यांनी तो कार्यक्रम माझ्यापेक्षा नीट ऐकला होता.

अण्णा २०११ साली गेले. त्या एका वाक्याबद्दल मी त्यांच्याशी कधी बोलले नाही, त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. तुझ्या पत्रातलं "सगळेच अवघडतील" हे वाक्य वाचलं आणि मला ती छत्रीची मूठ दिसली.

आता तुझ्या आईच्या वाक्याकडे जरा नीट बघ. "दहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय." भिंतीतून काय येतं, कधी विचार केलास? शब्द येत नाहीत, गिटारचे वरचे सूर येत नाहीत. उंच पट्टीचा आवाज भिंत अडवते, खर्ज मात्र आरपार येतो. म्हणजे तुझ्या आईने दहा वर्षं त्या गाण्यांची फक्त खालची बाजू ऐकली आहे. बास गिटार आणि ड्रम. चाल तिला पायाकडून माहीत आहे, डोक्याकडून नाही. एखाद्या रविवारी हेडफोन काढून ठेव, तुझं आवडतं गाणं बैठकीत मोकळ्यावर लाव, आणि ती ओळखते का बघ. पहिल्या काही ठोक्यांत ओळखेल अशी मला खात्री वाटते. समजावत बसू नकोस, कोण कधी बँड सोडून गेला ते सांगू नकोस. ती विचारेल तेवढंच सांग. तीस-पस्तीस वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई आहे, प्रश्न विचारता येतात तिला.

गर्दीचं आणि आवाजाचंही तेच. साताऱ्यात विसर्जनाची मिरवणूक तिने पाहिलेली आहे, ढोलपथकाच्या दहा हातांवर उभी राहिलेली आहे. मोठा आवाज तिला नवा नाही. पण तेव्हा कानांची काळजी कोणी घेतली नाही, आता तू घे. हा भाग मी तुझ्याकडून हट्टाने करून घेणार आहे, कारण यात चूक झाली तर ती भरून निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी एक मर्यादा सुचवली, १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये. मोठ्या रॉक कार्यक्रमात, स्पीकरच्या जवळ, आवाज याच्या आसपास किंवा याच्याही वर असतो. कारखान्यातल्या कामगारांसाठी जो हिशोब वापरतात तो असा: ८५ डेसिबलमध्ये ८ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उघड्या कानाने जेमतेम १५ मिनिटं. कार्यक्रम दोन तासांचा. कापसाने फार काही होत नाही, अण्णांचा कापूस हा त्यांचा भाबडेपणा होता. मेडिकलच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते घे. तिला आणि तुलाही. तो घालायची एक पद्धत आहे. देवासाठी वात वळतात तसा बोटांमध्ये वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा, आणि तो फुगून बसेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी खोचलेला प्लग काही कामाचा नाही. घरी दोन-तीनदा सराव करा. वात वळायचं तुला तीच शिकवेल. बोलणं पुसट ऐकू येईल, गाणं मात्र ऐकू येतं. आणि दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली तर घरगुती उपाय न करता कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, तिने आणि तूही.

दुसरी गोष्ट पाण्याची. यावर मुलं बोलत नाहीत, कारण त्यांना हे माहीतच नसतं. डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू हा आयरिश बँड पहिल्यांदाच भारतात आला, तो याच डी. वाय. पाटीलवर. तेव्हा मी माझ्या मुलाबरोबर गेले होते. तो १६ वर्षांचा, मी ४४ची, म्हणजे त्या वेळी आई मी होते. सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते. का? तिथल्या बायकांच्या स्वच्छतागृहाची धास्ती. आपल्याकडच्या कितीतरी बायका प्रवासाला, लग्नाला, मोर्चाला निघताना हेच करतात, आणि कोणाला सांगत नाहीत. संध्याकाळी सातच्या सुमाराला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने ओळखलं, खाली बसवलं, पाणी आणून दिलं. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेला असताना त्याची दोन गाणी गेली.

तुझी आई हेच करेल. बीपीच्या गोळीने लघवीला जास्त होत असेल तर त्या दिवशी गोळीही गुपचूप चुकवेल. ती तुला हे सांगणार नाही, म्हणून तू आधी बोल. लाजू नकोस. गोळीच्या वेळेबद्दल तुमच्या डॉक्टरांना एक फोन कर, गोळी बंद करायची नाही म्हणजे नाही. मैदानात शिरल्या शिरल्या स्वच्छतागृह कुठे आहे ते तिला दाखवून आण. मुख्य बँड यायच्या तासभर आधी तिथे रांग कमी असते, तेव्हा तू स्वतः म्हण, "चल, जाऊन येऊ." एवढ्याने ती दिवसभर पाणी पिईल. घरची बाटली दारावर बहुधा काढून घेतात, आत पाणी कुठे मिळतं ते आधी विचारून ठेव. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेव, म्हणजे तपासणीत अडत नाही. एक विचारायचं राहिलं. तिला फिट येण्याचा त्रास, चक्कर येऊन पडण्याचा त्रास किंवा अलीकडे हृदयाचं काही झालं असेल, तर लुकलुकणारे दिवे आणि दाटी यांबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठरवू नका. तुझ्या पत्रात तसं काही नाही, म्हणून मी नाही असं धरून चालते.

तिकीट उभं राहायचं आहे ही खरी अडचण, गुडघे ही नाही. स्टेडियमला खुर्च्यांचे सज्जे आहेत. ज्या अॅपवरून तिकिटं काढलीस तिथे फरक भरून बदलून मिळतात का ते आधी बघ. आयोजकांना ईमेल करून ज्येष्ठांसाठी बसायची वेगळी सोय आहे का हेही विचार. पुष्कळदा असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. अनोळखी माणसाकडून व्हॉट्सअॅपवर किंवा टेलिग्रामवर तिकीट घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, त्यातली किती दारावर चालत नाहीत ते लोकांना तिथे गेल्यावरच कळतं.

काहीच नाही जमलं तर मैदानातच, पण मागे. मैदानाच्या मधोमध, स्टेजसमोर, साऊंडवाल्यांचा एक बंदिस्त चौथरा असतो, तिथे बसून ते सगळ्यांचा आवाज जुळवतात. त्याच्या कठड्याला लागून उभं राहायचं. टेकायला कठडा मिळतो, मागून धक्का येत नाही, आणि ज्या जागेवरून आवाज जुळवला जातो तिथेच तो सगळ्यात नेटका ऐकू येतो. जाणकार मंडळी मुद्दाम तिथे येऊन उभी राहतात. मुख्य बँड येईपर्यंत मैदानात लोक खाली बसलेले असतात, तीही बसेल. मांडी घालवत नसेल तर पाय लांब सोडून. चपला नकोत, मळखाऊ बूट हवेत, आणि साडी की पंजाबी ड्रेस हे तिचं तिला ठरवू दे. मी यू-टूला साडीत गेले होते, काही बिघडलं नाही.

स्टेजच्या तोंडाशी मात्र तिला नेऊ नकोस, हे मी निक्षून सांगते. अमेरिकेत ह्यूस्टनला २०२१च्या नोव्हेंबरमध्ये ॲस्ट्रोवर्ल्ड नावाच्या महोत्सवात दाटीत गुदमरून १० जण गेले. ते तरुण होते, धडधाकट होते, एक तर ९ वर्षांचा मुलगा होता. अशा दाटीत माणूस चेंगरतो तो बहुधा उभ्याउभ्याच, छातीला फुलायला जागा राहत नाही म्हणून. आजूबाजूच्यांचे खांदे चारी बाजूंनी लागायला लागले, हात वर काढता येईनासे झाले, की तेवढ्यातच निघायचं. हात छातीपुढे घ्यायचे, लोंढ्याच्या उलट्या दिशेने न रेटता कडेकडेने, तिरकं तिरकं बाहेर सरकायचं. हे तुझ्या मित्रांनाही सांग.

आता, तुला पुढे जायचं असणारच. जा. संपूर्ण वेळ तिचा हात धरून उभा राहिलास तर तिलाच चैन पडणार नाही. आधी ठरवा: पहिला तास तू पुढे, ती कठड्यापाशी, मग तू तिच्याकडे. किंवा तुम्ही तिघं मित्र आलटून पालटून. पण भेटायची जागा नक्की करा, न हलणारी, एखाद्या दिव्याच्या खांबाचा किंवा दाराचा नंबर. एवढे हजारो फोन एका ठिकाणी आले की नेटवर्क बसतं, आणि "आई, मी इथे आहे" हा मेसेज तुला मावशीच्या घरी पोचल्यावर जातो.

संपल्यावर घाई करायची नाही. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, त्यामुळे आपल्याकडचे हे कार्यक्रम बहुतेक दहाच्या ठोक्याला थांबतात. त्या क्षणी सगळं स्टेडियम एकदम नेरूळ स्टेशनच्या दिशेने निघतं. तुम्ही अर्धा तास आतच बसा. पुलावरची गर्दी सरू दे, मग सावकाश जा. हार्बरला नेरूळहून खारघर तिसरं स्टेशन. मावशीला सांगून ठेव, जेवणाला थांबू नका, पण गरम पाण्याची बादली ठेवा. तिला पाय बुडवून बसायला मिळालं तर गुडघ्यांचं तुला सकाळी वेगळं ऐकायला मिळेल.

मित्रांचं. त्यांना आजच सांग, "काकू येताहेत." त्या दिवशी दारात नव्हे, आज. ते तुला वाटतं तितके अवघडणार नाहीत. तुझ्या मित्रांच्या घरीही आया आहेत. शिव्यांचं म्हणशील, तर सातवी-आठवीच्या मुलांची मधली सुट्टी जिने सांभाळली, तिला तुमच्याकडून नवीन शब्द मिळायचा नाही. बिअरचं तुझ्यापुरतं बोलते. तू घेतोस हे तिला माहीत नसेल, तर ते तिला मैदानात, ग्लास हातात असताना कळू देऊ नकोस. आधी घरी सांग, नाहीतर त्या एका रात्री घेऊ नकोस. यातलं काय करायचं ते तुझं तू बघ. पण लपवायच्या नादात तिला टाळत फिरलास, तर माझ्यासारखाच सगळा कार्यक्रम मान वळवून घालवशील.

आणि आता ते वाक्य, जे तू "खरं सांगायचं तर" म्हणून लिहिलंस. मी तिथे जसा असतो तसा घरी नसतो. मला वाटतं, बाकी सगळी कारणं याच्या मागून आली आहेत. गुडघे, आवाज, बिअर. तुला भीती आहे ती तिने तुला तसं बघण्याची. घसा फोडून ओरडताना, केस झटकताना, कदाचित एखाद्या गाण्याला रडताना.

मी दुसऱ्या बाजूला उभी राहिले आहे म्हणून सांगते. यू-टूच्या त्या रात्री ए. आर. रहमान स्टेजवर आले तेव्हा आम्ही दोघं एकत्र ओरडलो, कारण ते दोघांच्याही ओळखीचे. पण त्याच्या आधी एक गाणं झालं, मला अनोळखी, आणि माझा मुलगा ते शब्द न् शब्द म्हणत होता. डोळे मिटलेले, मानेची शीर ताठ. घरात "हं" आणि "नको" यापलीकडे न बोलणारा मुलगा. मी बघितलं, आणि लगेच स्टेजकडे नजर वळवली. त्याची वही उघडी राहिली होती आणि मी ती वाचते आहे, असं वाटलं मला. घरी आल्यावर मी त्याला त्यावरून काही विचारलं नाही. त्या गाण्याचं नाव तेवढं विचारलं. त्याने आठवड्याभराने, माझ्या फोनवर ते गाणं घालून दिलं.

तुझी आईही बघेल, आणि नजर कुठे वळवायची ते तिला कळेल. तू तुझं ओरड.

तिने जेवताना विचारलं होतं, तर तू आज जेवतानाच सांग. "आई, ते तिकीट तुझं." तिच्यासमोर माझं हे सगळं पाल्हाळ वाचून दाखवू नकोस. "अरे, पण माझे गुडघे" असं तीच म्हणेल, बहुतेक लगेच. तेव्हा सांग की खुर्चीचं विचारलंय, नाही मिळाली तर टेकायला कठडा आहे, स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून देतो, आणि यायचं की नाही ते तू ठरव. मग तिला ठरवू दे. ती नको म्हणाली तर तेही तिचंच. बाबांनाही एकदा विचार, त्यांना त्या रात्री मावशीकडे यायचंय का. इअरप्लगच्या दोन नाही, तीन जोड्या घे. अंधारात एक हमखास पडते.